गोळी सुरू झाली, तरी झटका का आला?

पालघरला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही अर्धायुकाल या विषयावर बोलत होतो. तिथून दोन स्टेशने पुढे बोईसर, आणि बोईसरहून समुद्राच्या बाजूला गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र. २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्याची पहिली दोन संयंत्रे व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. अशा परिसरातील शिक्षकांना किरणोत्सारी आयोडिनचे उदाहरण द्यावे, हे साहजिकच होते. आयोडिन-१३१ चा अर्धायुकाल आठ दिवसांचा. आज जेवढे आहे त्याच्या निम्मे आठ दिवसांनी, पाव सोळा दिवसांनी. फळ्यावर उतरता वक्र काढून झाला आणि आम्ही प्रश्न विचारा असे म्हणालो.

मोखाड्याकडील एका आश्रमशाळेतील गुरुजी उठले. त्यांचा प्रश्न आयोडिनबद्दल नव्हता. त्यांच्या शाळेतील सातवीच्या एका मुलीला आकडी येते. डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी लिहून दिली आहे, ती गुरुजी स्वतःच्या कपाटात ठेवतात आणि रोज समोर उभे राहून देतात. वर्षभर एकही झटका आला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली, गोळ्या कपाटातच राहिल्या. वीस दिवसांनी ती परत आली, त्याच रात्री गुरुजींनी गोळी सुरू केली, आणि चौथ्या दिवशी तिला वर्गातच मोठा झटका आला. "गोळी बंद होती तेव्हा आला असता तर आम्ही समजलो असतो," गुरुजी म्हणाले. "पण गोळी चालू असताना आला. आता तिचे वडील म्हणतात, या गोळीचा गुण संपला, भगताकडे नेतो. त्यांना मी काय सांगू?"

हा प्रश्न खरे म्हणजे आमच्या फळ्यावरच्या वक्राचाच होता, फक्त उलट्या बाजूने विचारलेला. उतरणारी गोष्ट आम्ही सांगितली होती. भरणारी सांगायची राहिली होती.

पुष्कळशी औषधे शरीरातून बाहेर जातात तीही अशीच, हिश्शाहिश्शाने. यकृत औषधाचे रूपांतर करते, मूत्रपिंडे ते गाळून टाकतात, आणि दर दिवशी ठरावीक मिलिग्रॅम नव्हे, तर त्या दिवशी जेवढे शिल्लक असेल त्याचा ठरावीक हिस्सा बाहेर जातो. जास्त असेल तर जास्त जाते, कमी असेल तर कमी. त्यामुळे औषधालाही अर्धायुकाल असतो. गुरुजींच्या कपाटातली गोळी फेनोबार्बिटोनची होती. गार्डिनाल या नावाने आपल्याकडे तिला बहुतेक ओळखतात. तिचा अर्धायुकाल मोठ्या माणसात सुमारे चार दिवस असतो. मुलांमध्ये तो काहीसा कमी असतो, पण हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण चारच धरू.

असा हिशोब समजावताना पाण्याच्या रांजणाचे उदाहरण देण्याची पद्धत आहे: वरून पाणी ओतायचे, खाली भोक. आम्हाला ते फारसे पसंत नाही. भोकातून पाणी जाण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, उंचीच्या प्रमाणात नव्हे. म्हणजे जिथे नेमके समजावायचे तिथेच उदाहरण फसते. त्यापेक्षा चिंचोके बरे. त्या दिवशी गुरुजींना उत्तर देताना कोणीतरी खरोखरच पिशवीभर चिंचोके आणून दिले.

एक डबा घ्यावा. त्यात १०० चिंचोके टाकावेत. हा पहिला डोस. एक अर्धायुकाल उलटला की डब्यातले निम्मे काढावेत, राहिले ५०. पुन्हा १०० टाकावेत, झाले १५०. निम्मे काढावेत, राहिले ७५. पुन्हा १००, म्हणजे १७५. इथे ८७ ठेवायचे की ८८ यावरून वर्गात भांडण होते, ते होऊ द्यावे. पुढे १८७, १९४, १९७ असे करत डबा २०० च्या जवळ येतो आणि मग हटतच नाही. दर वेळी २०० होतात, १०० काढले जातात, १०० पुन्हा पडतात. शंभर येतात आणि शंभरच जातात. कोणी नळ बंद केलेला नाही, डबा भरून वाहिलेला नाही. शिल्लक वाढली की जाणाऱ्यांची संख्या आपोआप वाढते, आणि जाणारे व येणारे सारखे झाले की पातळी थांबते, एवढेच.

आता मुलांना विचारावे की दर वेळी १०० ऐवजी २०० टाकले तर पातळी लवकर स्थिर होईल का? बहुतेक मुले हो म्हणतात. शिक्षकांनीही म्हटले होते. करून पाहिले की कळते, पातळी दुप्पट होते, पण तिथे पोचायला फेऱ्या तेवढ्याच लागतात. चार फेऱ्यांत सुमारे ९४ टक्के, पाच फेऱ्यांत ९७ टक्के. किती उंचीवर थांबायचे ते डोस ठरवतो, थांबायला किती वेळ लागायचा ते मात्र एकट्या अर्धायुकालावर अवलंबून असते. गोळी बंद केली की उतरायलाही तेवढ्याच फेऱ्या लागतात.

तारापूरच्या अणुभट्टीत हेच चालते. भट्टी एका स्थिर शक्तीवर चालू ठेवली की युरेनियमच्या विखंडनातून आयोडिन-१३१ दर सेकंदाला सारख्याच प्रमाणात तयार होत राहते, आणि जेवढे साठले असेल त्याच्या हिश्शाने नाहीसे होत राहते. पाच अर्धायुकाल, म्हणजे सुमारे चाळीस दिवस झाले की त्याचा साठा स्थिरावतो. भट्टी वर्षभर चालवली म्हणून तो नऊपट होत नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला औषधे बनतात आणि किनाऱ्याला अणुवीज. दोघांच्या मागे एकच समीकरण आहे, हे आम्हालाही त्या दिवशी चिंचोके मोजतानाच जाणवले.

परंतु हे समीकरण औषधशास्त्रात सहजासहजी आलेले नाही. त्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली, आणि योगायोग असा की ती आकडीच्या रुग्णांनीच मोजली.

मे १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीत अपस्मारावर एक निबंध वाचला गेला. अध्यक्षस्थानी सर चार्ल्स लोकॉक होते. व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणांचे डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती. चर्चेत त्यांनी सांगितले की काही स्त्रियांच्या आकडीवर आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि गुण आला. ब्रोमाइड द्यायचे त्यांना सुचले ते एका चुकीच्या समजुतीतून. आकडीचे मूळ कामवासनेत आहे असे तेव्हा मानत आणि ब्रोमाइडने ती मंदावते असाही समज होता. कारण चुकले, औषध लागू पडले. विज्ञानाच्या इतिहासात असे बरेचदा घडते आणि पाठ्यपुस्तके ते सांगत नाहीत.

त्यापूर्वी आकडीवर उपयोगी पडणारे औषध जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे ब्रोमाइडचा प्रसार झपाट्याने झाला. पण काही आठवड्यांनी यातले काही रुग्ण बदलू लागत. झोपाळू होत, बोलणे अडखळे, चाल लडखडे, अंगावर पुटकुळ्या उठत. काही जण भ्रमिष्ट होत, त्यांना भास होत. घरचे आणि डॉक्टर यांना वाटे, आजार मेंदूत चढला. आणि बेचैन रुग्णाला शांत करण्यासाठी तेव्हाचे हाताशी असलेले औषध कोणते, तर ब्रोमाइड! डोस वाढे. वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या काही माणसांचा आजार म्हणजे दुसरे तिसरे काही नसून त्यांचे औषधच होते.

असे का व्हावे? ब्रोमाइडचा अर्धायुकाल सुमारे बारा दिवसांचा आहे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ब्रोमाइड हा क्लोराइडचा जवळचा भाऊबंद. मूत्रपिंडे क्लोराइड जसे राखून ठेवतात तसेच ब्रोमाइडही राखतात, म्हणून ते फार सावकाश बाहेर पडते. रोज एक मात्रा घेणाऱ्याच्या शरीरात हळूहळू किती साठेल याचा हिशोब केला तर सतरा-अठरा दिवसांच्या मात्रा एकदम, असे उत्तर येते, आणि तेथे पोचायला दोन महिने लागतात. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी रुग्णाला पाहिले, ठीक वाटले, त्यांनी डोस कायम केला. पहिल्या आठवड्यातल्या शरीरात जे ब्रोमाइड होते त्याच्या कितीतरी पट दोन महिन्यांनी असणार होते, हे कळायला त्यांच्यापाशी साधनच नव्हते. त्यात रुग्णाने मीठ कमी केले की ब्रोमाइड आणखी साठे, आणि मीठ वाढवले की बाहेर पडे. तोच रुग्ण, तोच डोस, पण ताटातले मीठ बदलले तर पातळी बदललेली.

१९२७ साली ओटो वुट या वैद्यकाने रक्तातले ब्रोमाइड मोजण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. सोन्याच्या क्लोराइडशी ब्रोमाइडचा रंग येतो, त्याच्या गडदपणावरून प्रमाण ठरवायचे. त्यानंतर वेडसर झालेल्या रुग्णाच्या थेंबभर रक्तावरून सांगता येऊ लागले की याला इस्पितळाची नव्हे, औषध थांबवून मीठपाणी देण्याची गरज आहे. औषधाचा हिशोब तोंडात घातलेल्या मात्रेवरून नव्हे तर रक्तातल्या पातळीवरून करायचा, ही कल्पना व्यवहारात आली ती अशी, लोकॉक यांच्या त्या बैठकीनंतर तब्बल ७० वर्षांनी.

गणित याच सुमारास स्वीडनमध्ये तयार होत होते. लुंड येथील एरिक विडमार्क यांनी बोटातून रक्ताचे थेंब घेऊन मद्याची पातळी मोजण्याची पद्धत बसवली होती; दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या रक्तातील मद्याचा हिशोब आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९२४ मध्ये विडमार्क आणि टांडबर्ग यांनी, एखादे द्रव्य पुन्हापुन्हा दिले तर ते कसे साठत जाईल, याची समीकरणे मांडली. आपल्या चिंचोक्यांच्या डब्याचीच ती शास्त्रशुद्ध आवृत्ती. १९३७ मध्ये टॉर्स्टन टिओरेल यांनी रक्त, इतर ऊती, मूत्रपिंड असे कप्पे कल्पून औषध एका कप्प्यातून दुसऱ्यात कसे सरकते ते सविस्तर दाखवले. त्या दोन निबंधांकडे वैद्यकांनी बराच काळ ढुंकूनही पाहिले नाही. गणित करायला संगणक नव्हते हे खरे, पण डॉक्टरांना घातांकी फलाची धास्ती होती हेही तितकेच खरे असावे. १९५३ मध्ये डोस्ट या जर्मन बालरोगतज्ज्ञाने रक्तपातळीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि या शास्त्राला नाव दिले. त्याला आपण औषधगतिशास्त्र म्हणू. हे काम बालरोगतज्ज्ञाच्या हातून झाले याचे आम्हाला नवल वाटत नाही. मुलाला मोठ्या माणसाचा डोस वजनाच्या प्रमाणात कापून दिला की काम भागत नाही, हे त्याला रोजच दिसत असणार.

वैद्यकांना खरी जाग आणली ती मलेरियाने. पालघर, डहाणू, जव्हार या पट्ट्यातील शिक्षकांना मलेरिया काय ते सांगायला नको. मार्च १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले. जगातले बहुतेक क्विनीन तिथल्या सिंकोना बागांतून येई, ते दोस्त राष्ट्रांना बंद झाले. हाताशी होते जर्मनांनी शोधलेले मेपाक्रिन नावाचे पिवळे औषध. पण ते देऊनही ताप लवकर उतरेना, आणि डोस वाढवावा तर उलट्या होत. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात जेम्स शॅनन यांच्या गटातील ब्रोडी आणि युडेनफ्रेंड यांनी हे औषध रक्तद्रवात मोजायची रीत बसवली, तेव्हा उलगडा झाला. मेपाक्रिन रक्तात थांबतच नव्हते. यकृतात आणि इतर ऊतींत ते प्रचंड प्रमाणात शोषले जात होते, आणि ती कोठारे भरल्याशिवाय रक्तातली पातळी वर येत नव्हती. उपाय सरळ होता. पहिल्या दिवशी मोठ्या मात्रा देऊन कोठारे भरायची, मग रोज थोडे देऊन गळती भरून काढायची. १९४४ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

चिंचोक्यांत हे करून पाहावे. पहिल्याच फेरीला १०० ऐवजी २०० टाकावेत आणि पुढे १००च. पातळी पहिल्या दिवसापासून स्थिर! वर्गात या क्षणी हमखास टाळ्या पडतात.

इकडे ऑस्ट्रेलियात केर्न्स येथे सैन्याच्या संशोधन केंद्रात स्वयंसेवकांवर मेपाक्रिनचे प्रयोग चालले होते. रोज १०० मिलिग्रॅम न चुकता घेतले तर मलेरियाचा ताप येत नाही, हे तिथे सिद्ध झाले. त्यांचे प्रमुख नील हॅमिल्टन फेअर्ली यांचा महाराष्ट्राशी संबंध होता. १९२२ ते १९२५ या काळात ते मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत काम करत होते, जिला पुढे हाफकिन संस्था हे नाव मिळाले. स्प्रू या आतड्याच्या आजारावर संशोधन करता करता तो त्यांनाच जडला आणि त्यांना इथून जावे लागले. केर्न्समध्ये औषधापेक्षा अवघड ठरले ते शिस्तीचे काम. गोळीने कातडी पिवळी पडते, सैनिक ती टाळत. शेवटी अधिकाऱ्यांनी समोर उभे राहून गोळी गिळवायची असा हुकूम निघाला. आमच्या गुरुजींच्या कपाटाची ही लष्करी आवृत्ती म्हणायची.

मेपाक्रिन मागे पडले, त्याच्या जागी क्लोरोक्विन आले. साध्या मलेरियात आरोग्यसेवक मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या देतो, त्यात हाच जुना हिशोब आहे. आधी कोठारे भरायची. तापाच्या साथीत हे वर्गात सांगितले तर मुले घरी जाऊन "चार का, दोन का नाहीत" याचे उत्तर देतील.

मात्र पातळी नेहमी स्थिरच हवी असाही नियम नाही. क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधाचा अर्धायुकाल एक ते चार तासांचा; माणसामाणसात तो जन्मजातच वेगळा असतो. दुसऱ्या दिवशीच्या गोळीपर्यंत रक्तात ते जवळपास उरलेले नसते. तरी उपचार चालतो, कारण क्षयाचा जंतू अठरा-वीस तासांतून एकदा दुणावणारा, संथ गडी. औषधाचा तडाखा बसला की सावरायला त्याला वेळ लागतो. याच आधारावर मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९६० च्या दशकात आठवड्यातून दोनदा औषध देण्याचे प्रयोग केले, आणि पुढे आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दिवसाआड गोळ्या देण्याची पद्धत आली. २०१७ पासून पुन्हा रोजचा डोस सुरू झाला आहे. थोडक्यात, जंतूला ठराविक वेळाने तडाखे दिलेले चालतात. मेंदूतल्या चेतापेशींना आवरून धरायचे असेल तर पहारा अखंड हवा.

आता पुन्हा गुरुजींकडे. चार दिवसांच्या अर्धायुकालाने रोज शरीरातले सुमारे १६ टक्के फेनोबार्बिटोन बाहेर जाते. रोज एक गोळी घेणाऱ्या मुलीच्या शरीरात, पातळी स्थिरावल्यावर, गोळी गिळल्यानंतर सहा गोळ्यांइतके औषध असते आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत पाच गोळ्यांइतके. एवढाच चढउतार. एखादी गोळी चुकली तर ही शिल्लक सांभाळून घेते. म्हणूनच वर्षभर एखाददुसऱ्या चुकीने काही बिघडले नव्हते. पण वीस दिवस म्हणजे पाच अर्धायुकाल. निम्मे, पाव, आठवा हिस्सा, सोळावा, बत्तिसावा. सुट्टीहून मुलगी परतली तेव्हा कोठार रिकामे होते.

गुरुजींनी त्याच रात्री गोळी दिली, ती बरोबरच होती. पण चौथ्या दिवशी पातळी नेहमीच्या जेमतेम निम्म्यावर आली होती. आठव्या दिवशी ती पाऊण झाली असती, आणि जुन्या जागी पोचायला अडीच-तीन आठवडे लागले असते. गोळीचा गुण संपला नव्हता. गोळी अजून पोचलीच नव्हती! शिवाय हे औषध एकाएकी तुटले की आकडी उसळून येण्याचाही धोका असतो, तो वेगळाच.

मग सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जास्त गोळ्या द्याव्यात का, असे एका बाईंनी तत्परतेने विचारले. चिंचोक्यांच्या डब्यात ते दिसायला सोपे आहे, मुलाच्या शरीरात नाही. मोठ्या मात्रेने गाढ गुंगी येते, श्वासही मंदावू शकतो. असा खंड पडला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, किती दिवस गोळी नव्हती तो नेमका आकडा सांगायचा, आणि डोस त्यांनीच ठरवायचा. शिक्षकाच्या हातात एवढे निश्चित आहे की पहिले दोन-तीन आठवडे त्या मुलीला विहिरीवर, झाडावर, चुलीपाशी एकटे पाठवायचे नाही. झटका आलाच तर कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा वा बोट घालायचे नाही, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही, घड्याळ पाहायचे, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण बोईसरच्या कारखान्यांतून काम करणाऱ्यांची मुले ज्यांच्या वर्गात आहेत असे शिक्षक त्या सभेत पुष्कळ होते. आकडीचे दुसरे सर्रास वापरले जाणारे औषध म्हणजे फेनिटॉइन. १९३८ मध्ये बोस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी ते पुढे आणले. याला निम्मे-निम्म्याचा नियम पुरता लागू होत नाही. यकृतातील ज्या विकराने ते मोडले जाते त्याची क्षमता लवकर संपते. चिंचोक्यांत दाखवायचे तर नियम बदलावा: निम्मे काढा, पण एका फेरीला ६० पेक्षा जास्त काढायचे नाहीत. रोज ५० टाकले तर डबा १०० वर थांबतो. ७० टाकले तर सुरुवातीला सगळे ठीक दिसते आणि मग डबा दर फेरीला दहाने वाढतच राहतो, थांबत नाही. म्हणून या औषधाचा डोस थोडासा वाढला तरी रक्तातली पातळी एकदम उडी घेते.

१९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये हे औषध घेणारे बरेच रुग्ण अचानक डगमगू लागले, त्यांना दोन-दोन दिसू लागले. डोस कोणीच बदललेला नव्हता. तपासाअंती कळले की कॅप्सूलमध्ये औषधासोबत भरायची निष्क्रिय पूड बदलली होती. पूर्वी कॅल्शियम सल्फेट असे, आता लॅक्टोज. पहिल्या पुडीमुळे औषधाचा काही भाग आतड्यातून शोषलाच जात नव्हता, दुसरीने तो अडथळा दूर केला, आणि तेवढ्याने पातळी काठावरून पलीकडे गेली. नावातच निष्क्रिय असलेल्या पुडीने हे केले. गोळी बनवणाऱ्या कारखान्यात प्रत्येक घाणीची तपासणी, गोळी किती मिनिटांत विरघळते याची नोंद, या गोष्टी कामगारांना कंटाळवाण्या कागदपत्रांसारख्या वाटतात. त्या कुठून आल्या ते कळण्यासाठी ही हकीकत उपयोगी आहे.

अशा औषधांची रक्तपातळी मोजण्याची सोय आपल्याकडे उशिरा आली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडीच्या औषधांच्या पातळ्या नियमितपणे मोजायला सुरुवात केली. औषध लागू पडत नाही असे वाटणाऱ्या रुग्णाबाबत अशा मोजणीने एक महत्त्वाची गोष्ट कळते: औषध शरीरात पुरेसे असूनही झटके येताहेत, की ते पुरेसे पोचतच नाही. पहिल्यात औषध बदलावे लागते. दुसऱ्यात औषध बदलून काहीच होत नाही, घरची परिस्थिती विचारावी लागते. मोखाड्याहून परळ लांब आहे. पण गुरुजींच्या मुलीबाबत रक्त न काढताही, नुसत्या दिवसांच्या हिशोबाने, उत्तर दुसऱ्या प्रकारचे आहे हे सांगता येत होते.

वडिलांना काय सांगायचे हा त्यांचा मूळ प्रश्न होता. ते आम्ही सुचवले नाही; गुरुजींनीच ठरवले. ते चिंचोक्यांची पिशवी घेऊन गेले. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांचे पत्र आले. वडिलांसमोर डबा मांडला, वीस दिवसांचे निम्मे-निम्मे त्यांच्याच हातांनी काढायला लावले, आणि एक चिंचोका उरला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, असे त्यात होते. भगताकडे जायचे थांबले की नाही, ते गुरुजींनी लिहिलेले नव्हते, आणि आमच्या मते त्यांनी ते विचारलेही नसावे. या वेळी सुट्टीच्या दिवसांइतक्या गोळ्या मोजून काड्यापेटीत घालून त्यांनी मुलीबरोबर दिल्या होत्या, कोणत्या दिवशी घेतली याची खूण करायला एक कॅलेंडरचे पान दिले होते.

काड्यापेटीत दोन गोळ्या परत आल्या. वर्गाने लगेच हिशोब मांडला: दोन गोळ्या लागोपाठ चुकल्या असतील तर पातळी नेहमीच्या सत्तर टक्क्यांवर गेली असणार, बऱ्याच अंतराने चुकल्या असतील तर चौऱ्याऐंशीच्या आसपासच. तेव्हा कॅलेंडरचे पान पुढे करून त्या मुलीनेच दोन रिकामे चौकोन दाखवले. एक वैशाखातल्या लग्नाच्या दिवशीचा होता, दुसरा त्यानंतर नऊ दिवसांनी, भट्टीवरून गावी परतले त्या रात्रीचा.